टोळीतली पोरं अन् मागं राहिलेली पोरं

आज टनेज, रिकव्हरी काही नाही. टोळीतल्या पोरांविषयी लिहितोय.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, पाच-सहा महिने फडात. तान्हं सोबत येतं, शाळेचं पोर आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. या पेचावर आपण बागायतदार फारसं बोलत नाही.

यंदा आमच्या फडात एका कोयत्याचं दीड वर्षाचं पोर आहे. आई उसात दिसेनाशी झाली की भोकाड पसरतं. तिनं येऊन उचललं की दोन मिनिटांत गप, परत पाचटात खेळायला मोकळं. मुकादम म्हणतो, लाडावलंय. मला पटत नाही. साधारण आठव्या महिन्यापासून पोराला आई गेलेली कळते, पण ती परत येणार हा भरवसा बसायला वेळ लागतो. तीनेक वर्षांचं होईतो हे रडणं बहुतेकांचं उतरतं. उचलल्यावर शांत होतंय, म्हणजे नातं घट्ट आहे.

अन् नातं नुसतं पोटाचं नसतं. हार्लो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५८ साली मांडलेला माकडांच्या पिल्लांवरचा प्रयोग आहे. (प्रयोग क्रूरच.) दूध तारेच्या आईपाशी ठेवलं, तरी पिल्लं दिवसभर मऊ कापडाच्या आईलाच बिलगून. दूध प्यायचं अन् परत तिकडं.

याच कोयत्याची सहा वर्षांची पोरगी गावी आजीपाशी. गेल्या साली ती झोपेत असताना पहाटे गाडी निघाली. हंगाम संपवून आई परतली, तर पोरगी रात्री उठून आई आहे का चाचपायची. शाळेच्या वेळेला पोट दुखायचं, पदर सुटायचा नाही. यंदा त्यांनी चार दिवस आधी सांगितलं, आईची जुनी साडी उशाला ठेवली, रोज रात्री आठला फोन. निघताना पोरगी लई रडली. पण आजी म्हणते, शाळेत जातीय. पोटदुखी अधूनमधून आहेच.

म्हणून ज्यांच्या रानात टोळी आहे त्यांना एक विनंती. त्यांच्या कोपीवर लाईट नसते अन् फोन बंद पडला की ती आठची वेळ चुकते. मोटरीच्या पेटीपाशी एक चार्जिंगचा बोर्ड काढून द्या, तासाभराचं काम आहे. मी दिलाय.

परवा फड संपतोय. वाढं पाहिजे असेल त्यांनी सकाळी सातच्या आत या.