काट्याचा दोरा

रेडिओ चालतो, आवाज येतो, पण बटण कितीही फिरवले तरी काटा जागचा हलत नाही. असा जुना सेट घरात असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावा. पुष्कळदा गेलेला असतो तो फक्त आतला दोरा.

आमच्या घरी अब्बांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असाच पडून होता. त्यांच्या इंतकालानंतर तो एकाच जागी अडकला आणि त्यावर कापड पडले. आता अम्मीला मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही. बटण मात्र हाताला कळते. म्हणून आम्ही भावंडांनी तो दुरुस्त करायचे ठरवले.

बटणाच्या दांड्यावर दोऱ्याचे दोन-तीन वेढे असतात. तोच दोरा छोट्या चाकांवरून जाऊन गँगचा मोठा ड्रम फिरवतो आणि त्याच्यावरच काटा बसवलेला असतो. ड्रममधली स्प्रिंग त्याला ताणून धरते. दोरा झिजून सैल पडला की वेढे घसरतात.

प्लग काढल्यावरही आत लगेच हात घालू नये. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. जुना दोरा ओढून काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून घ्यावी. आमचा दोरा तर मधेच तुटला होता. वेढे कोणत्या बाजूने घालायचे, हे कळेना. तेव्हा पलंगावरून अम्मी म्हणाली, "खालून वर घाला. उलटे घातले तर बटण एकीकडे आणि काटा दुसरीकडे पळतो. तुमचे अब्बा दोरा बदलायचे तेव्हा बॅटरी मीच धरायची."

आम्हाला हे ठाऊकच नव्हते. आम्ही कधी विचारलेही नव्हते.

गुळगुळीत तंगूस दांड्यावर घसरते, म्हणून बारीक विणलेली दोरी घेतली. गँगची पाती पूर्ण मिटली की काटा डायलच्या ५५० च्या बाजूच्या टोकाला यायला हवा. मग पुणे केंद्र लावले. ते ७९२ वर लागते, म्हणून काटा ८०० च्या किंचित अलीकडे सरकवून पक्का केला. गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. अलहम्दुलिल्लाह, आता अम्मी स्वतः स्टेशन लावते.

दोरा बाजारात मिळतो. तो कसा घालायचा हे सांगणारी माणसे मात्र घरोघरी कमी होत चालली आहेत, आणि बुजुर्ग न विचारता सांगत नाहीत. दोऱ्याच्या वाटेचा तो कागद आम्ही अम्मीच्या शब्दांसह, उर्दूत आणि मराठीत लिहून, पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. हा दोराही एक दिवस झिजेल. तेव्हा पेटी जो उघडेल, त्याला तो सापडेल, इन्शाअल्लाह.