होता की होते



इथे इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगाव-गोव्यापर्यंत सगळीकडची माणसं आहेत, म्हणून आधीच सांगून टाकते. ही पोस्ट बडोद्याची आहे, लांबलचक आहे, आणि एका शब्दावरून झालेल्या वादाची आहे. चहा घेऊन बसा.

गेले काही महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी मराठी विकिपीडियावर एका लेखाच्या मागे लागलेली असते. विषय आहे ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान’. नाव ऐकून मुलगा म्हणाला, “आई, हा कुठला बँड?” म्हटलं, “अरे, आपल्याच गावचा. शंभर वर्षं होऊन गेली.”

थोडी पार्श्वभूमी देते. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख उस्ताद मौलाबक्ष. उत्तरेची गायकी आणि कर्नाटक संगीत दोन्ही पचवलेला माणूस. स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली आणि वर्ग भरवून पोरांना गाणं शिकवायची सोय केली. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राबून चार चिजा पदरात पाडून घ्यायचे दिवस होते ते. त्यात घंटा वाजली की गाण्याचा तास सुरू, ही केवढी नवलाई! सुरसागरच्या काठावर आज आपली परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे ना, ती याच शाळेची पुढची पिढी.

मौलाबक्षांच्या मुलीचे चिरंजीव इनायत खान. जन्म ५ जुलै १८८२, बडोद्यातच. गाणं आणि वीणा आजोबांच्या छत्राखाली शिकले, तरुणपणी त्याच शाळेत शिकवूही लागले. पुढे हैदराबादेत निजाम मीर महबूब अली खान यांच्यापुढे गायले आणि तिथेच त्यांना त्यांचे सूफी गुरू अबू हाशिम मदनी भेटले. १३ सप्टेंबर १९१० रोजी भाऊ महबूब खान आणि नात्यातले भाऊ मोहम्मद अली खान यांना घेऊन ते मुंबईहून बोटीने निघाले ते थेट अमेरिकेकडे. सगळ्यात धाकटे मुशर्रफ खान मागाहून जाऊन मिळाले. १९११ मध्ये रूथ सेंट डेनिस या अमेरिकन नर्तकीबरोबर दौरा झाला. मग इंग्लंड, फ्रान्स, रशिया. रविशंकरांची सतार तिकडे पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता एवढं सगळं मला माहीत असताना लेख लिहायला कितीसा वेळ लागावा? पण विश्वकोश म्हणजे दिवाळी अंक नव्हे. तिथे आपल्याला काय ठाऊक आहे ते कोणी विचारत नाही, कुठे छापून आलंय ते विचारतात. आपल्याकडे कच्च्या मजकुरासाठी जी जागा आहे तिला ‘धूळपाटी’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. पूर्वी पोरं धुळीत अक्षरं गिरवायची आणि हाताने पुसून टाकायची, तसंच. मी माझ्या धूळपाटीवर लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते.

पहिली अडचण नावाची. ‘रॉयल’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, महाराजांनीच सरकारी पथक पाठवलं असेल. तसं नव्हतं. मंडळी स्वतःच्या जोरावर निघाली होती. संगीत पश्चिमेला न्यावं ही गुरूंची इच्छा, असं इनायत खान सांगत. म्हणून ‘शाही’ असं भाषांतर करायचं टाळलं आणि इंग्रजी नावच देवनागरीत ठेवलं. दुसरी अडचण गावाची. आम्ही घरात अजून बडोदंच म्हणतो, पण आजचं नाव वडोदरा. १९१० सालच्या वाक्यात वडोदरा लिहिलं तर कसंसंच वाटतं. तेव्हा जुन्या काळाच्या वाक्यांत बडोदे आणि फॅकल्टीच्या वाक्यात वडोदरा, असा तह झाला.

तिसरी अडचण माहितीचौकटीची. संगीतसमूहासाठी जो तयार साचा मिळतो तो बहुधा गिटारवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. संगीतप्रकार, सक्रिय वर्षं, रेकॉर्ड कंपनी, आजी सदस्य, माजी सदस्य! इनायत खानांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आहेत, पण त्या १९०९ सालच्या, कलकत्त्याच्या, त्यांच्या एकट्याच्या. मंडळी जमण्याआधीच्या. त्या समूहाच्या नावावर कशा घालणार? तो रकाना मी रिकामा ठेवला. रिकामा रकाना दिसला की कोणीतरी भरायला धावतंच, म्हणून चर्चा पानावर कारणही लिहून ठेवलं.

खरा त्रास मात्र प्रसिद्धीचा. या मंडळींनी १९१३ साली पॅरिसमध्ये माताहारीच्या नृत्याला साथ केली. ते वाक्य लेखात शिरलं रे शिरलं की जो तो ते उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवतो. तीच गत नूरची. इनायत खानांची ही लेक १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत जन्मली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त संदेशवाहक म्हणून पॅरिसमध्ये काम केलं, पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला मारलं. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. वाचताना अजूनही माझ्या घशात आवंढा येतो. पण तिचा लेख वेगळा आहे. गाणाऱ्यांच्या लेखात तिला एक ओळ आणि एक दुवा, एवढंच.

तारखा बघितल्यात ना? बाप मुंबई सोडतो तो १३ सप्टेंबर, लेक जाते तीही १३ सप्टेंबर. कीर्तनकाराच्या हाती हे लागलं तर तासभर रंगवेल. विश्वकोशात मात्र असली सांगड आपण घालायची नसते. दोन तारखा दोन वाक्यांत आपापल्या जागी ठेवल्या आणि गप्प बसले. तुम्हाला इथे सांगितलं, बरं वाटलं.

आता तो शब्द.

चार खान बंधूंची नावं सगळीकडे सापडतात. पाचवं नाव असतं रामस्वामी. तबल्याला. ना घराण्यातले, ना नात्यातले. जुन्या फोटोत फेटे बांधून बसलेल्या मंडळींत तेही आहेत, आणि पुस्तकं त्यांना बहुतेक एका शब्दात उरकतात. बाकीच्यांचं पुढे काय झालं ते तपशिलात मिळतं. १९२७ मध्ये इनायत खान दिल्लीत गेले. त्यांच्यामागे सूफी चळवळीची धुरा आधी महबूब खानांनी, मग अली खानांनी, मग मुशर्रफ खानांनी वाहिली. रामस्वामींना मात्र दुवा द्यायलाही पान नाही.

एका रात्री उघडून बघते तर कोणीतरी माझा मजकूर ‘सुधारला’ होता. चौघांबद्दल ‘गायक होते’, ‘वीणा वाजवत असत’, ‘पुढे युरोपात स्थायिक झाले’. आणि शेवटी ‘रामस्वामी हा त्यांचा तबलजी होता’.

मी ‘होता’चं ‘होते’ केलं, ‘तबलजी’चं ‘तबलावादक’ केलं. दुसऱ्या दिवशी उलटवलेलं. पुन्हा न बदलता चर्चा पानावर गेले. ते सदस्य दुसऱ्या शहरातले, माझ्यापेक्षा जुने, शेकडो लेख नीट लावलेले. भला माणूस, उगीच कशाला खोटं बोलू. त्यांचं म्हणणं, “ताई, ते मुख्य कलाकार नव्हते, साथीला होते. आणि तबलजी हा काही वाईट शब्द नाही.”

इंग्रजीत हा प्रश्नच उठत नाही. तिथे राजाही ‘ही’ आणि हमालही ‘ही’. आपल्या मराठीत क्रियापदाच्या शेपटीलाच मान बांधलेला असतो. कोणाला पाट द्यायचा आणि कोणाला उभं ठेवायचं, ते एका मात्रेत कळतं. वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण आत जाऊन बसतं.

माझं घोडं इथे अडायला कारण आहे. माझे आजोबा याच गायनशाळेत तबला शिकले. दिवसा कारकुनी, रात्री दांडिया बाजारच्या गणपतीत, कोणाच्या माडीवर, कोणाच्या मुंजीत साथ. त्यांच्या ट्रंकेत कार्यक्रमांच्या पत्रिका आहेत, पिवळ्या पडलेल्या. वर ठळक अक्षरात गायकाचं नाव, पुढे बुवा, मागे उपाधी. खाली बारीक टाइपात ‘साथ’, आणि आजोबांचं घरगुती टोपणनाव. आडनाव नाही. एका पत्रिकेवर तर नुसतं ‘तबला व पेटी: स्थानिक’. आजोबा ती दाखवून हसायचे. “बघ, मी स्थानिक आहे,” म्हणायचे. आजी हसायची नाही.

हे काही मी चर्चा पानावर लिहिलं नाही. आपल्या आजोबांचा कैवार घेऊन विश्वकोश लिहिता येत नाही. मी एवढंच लिहिलं: “निःपक्षपातीपणा आपलाच नियम आहे. लेखात पाच माणसं आहेत. एकतर पाचही जणांना ‘होते’ म्हणा, नाहीतर पाचही जणांना ‘होता’. मला दोन्ही चालेल.”

दोन दिवस काही आलं नाही. मग त्यांचं उत्तर आलं, “ठीक आहे, सगळ्यांना एकेरी करतो. विश्वकोशाला तेच शोभतं.” म्हटलं, करा. त्यांनी सुरुवात केली. इतिहास पानावर दिसतं ना सगळं, कोणी किती वाजता काय केलं. पहिला परिच्छेद एकेरी झाला. ‘मौलाबक्ष शाळेचा प्रमुख होता.’ ‘इनायत वीणा वाजवत असे.’ मग गाडी १९२७ वर आली. ‘इनायत खान दिल्लीत मरण पावला.’ सात मिनिटांनी त्यांनी स्वतःच ते उलटवलं. मग वरचेही सगळे बदल उलटवले. आणि शेवटचा बदल रामस्वामींच्या ओळीत. होता काढून होते. बदलाच्या सारांशात एकच शब्द लिहिला होता, ‘समान’.

मी चर्चा पानावर आभार मानले. त्यांनी विचारलं, “ताई, रामस्वामींबद्दल अजून काही छापील मिळेल का?” आता आम्ही दोघं मिळून शोधतोय. ते तिकडची जुनी वर्तमानपत्रं चाळतात, मी इकडे ग्रंथालयात खेपा घालते.

आजोबांच्या पत्रिका लेखात जाणार नाहीत, जाऊ नयेतही. पण त्यांचे स्वच्छ फोटो काढून मी प्रत्येकीच्या मागे तारीख, जागा आणि सगळ्यांची पूर्ण नावं लिहून ठेवतेय, आईला विचारून विचारून. आई पंच्याऐंशीची आहे, आजोबांची हीच सून. पेटीवर कोण होतं ते तिला अजून आठवतं, आणखी दोन वर्षांनी आठवेल याची खात्री नाही.

तुमच्याकडेही असतील. ग्वाल्हेरच्या माळ्यावर, बेळगावच्या कपाटात, हैदराबादच्या एखाद्या ट्रंकेत. पत्रिका, फोटो, मंडळाचा हिशेबाचा कागद. बाहेर काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि मागच्या बाजूला नावं लिहा. गाणाऱ्याचं तर कोणीही सांगेल. तबला, पेटी, तंबोरा, झांजा, सगळ्यांची लिहा. आणि आडनावासकट लिहा हं.