गेटापासून पायी अंतरावर

खापरखेड्यात खोलीचा किराया ठरतो तो वीज केंद्राचे गेट किती दूर आहे यावर. या केंद्रात 210 मेगावॉटचे चार आणि 500 चा एक, असे एकूण 1340 मेगावॉटचे संच दिवसरात्र चालतात. कायम कर्मचाऱ्यांना महानिर्मितीची कॉलनी आहे. कंत्राटी कामगार मात्र खापरखेडा, चनकापूर, दहेगाव, चिचोली इथे किरायाने राहतो. रात्रपाळी सुटते तेव्हा ऑटो मिळेलच असे नाही आणि रस्त्यावर कोळशाचे, राखेचे ट्रक धावत असतात. म्हणून गेट, किराणा आणि बसथांबा पायी गाठता येतील अशा दहा बाय दहाच्या खोलीसाठीही माणूस चार पैसे जास्त मोजतो. त्यात त्याची झोप वाचते, पेट्रोल वाचते. मी त्याला चूक म्हणत नाही.

भाडेकरार लिहून देणे हा माझा वकिलीतला रोजचा भाग आहे. या जवळच्या खोल्यांच्या बाबतीतच कागद सर्वात कमी होतात, याचे मला वाईट वाटते. कारण विचारले की उत्तर एकच : “साहेब, कागद मागतला तं मालक दुसऱ्याले देऊन देईन.” जवळची खोली हातची जाईल या भीतीने माणूस डिपॉझिटची पावतीसुद्धा मागत नाही.

घरमालकालाही भीती आहे, आणि ती जुनी आहे. विदर्भात 1949 चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. घर रिकामे झाले की मालकाने ते कळवायचे, आणि प्रशासन ते सरकारी नोकराला देऊ शकायचे. किरायेदाराला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. एकदा किरायेदार बसला की उठत नाही, ही समजूत त्या काळातली. 31 मार्च 2000 ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 अमलात आला आणि तो आदेश गेला, पण समजूत राहिली.

नव्या कायद्याचे कलम 24 मालकांनी जरूर समजून घ्यावे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे वापराच्या परवान्यावर, दिलेल्या जागेची मुदत संपली की ती परत घेण्याचा सोपा मार्ग त्यात आहे. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. कलम 55 करार लेखी आणि नोंदलेला मागते, आणि ती जबाबदारी मालकावर टाकते. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलटे सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे गावोगाव ऐकू येणारे वाक्य या कलमापुढे टिकत नाही. हा कायदा कोणत्या क्षेत्राला लागू, ते अनुसूची आणि अधिसूचनांवरून ठरते. मी तो प्रश्न शिल्लकच ठेवत नाही, सरसकट नोंदणी करायला सांगतो.

खर्च किती? महिना चार हजार किराया, दहा हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले, तर पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आत बसते. ग्रामीण भागात नोंदणी फी पाचशे रुपये. वरचा किरकोळ खर्च धरूनही ही रक्कम डिपॉझिटपुढे फार लहान आहे. हाच कागद पुढे गॅस जोडणीला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

करारात मी सबमीटरची अट आवर्जून घालतो : युनिटचा दर काय, आणि राहायला आले त्या दिवशीचे रीडिंग किती. दर लिहिलेला नसला की उन्हाळ्यात कूलर सुरू होताच भांडण पेटते. किरायेदाराचे वीज-पाणी पुरेशा कारणाशिवाय तोडायला कलम 29 मनाई करते. पण ही मनाई किरायेदारासाठी आहे, म्हणून लायसन्सवर राहणाऱ्याने ही हमी शब्दांत लिहूनच घ्यावी. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि रंगकामाचे पैसे कोण देईल, हेही लिहावे.

आणि सही करण्याआधी त्या खोलीपासून गेटापर्यंत एकदा रात्रपाळीच्या वेळी चालून पाहावे. दिव्यांचे खांब कुठे संपतात, ट्रक कुठे वळतात, पावसाळ्यात पाणी कुठे साचेल, हे दिवसा खोली दाखवणारा सांगत नाही. बाईमाणूस एकटी राहणार असेल तर हा फेरा तिच्या घरच्या कोणी तिच्यासोबत घालावा, आणि मग किरायाचे बोलणे करावे.