कीव आणि कणव

बालमित्रांनो, गोष्ट वाचता वाचता तुम्ही कधी रडला आहात का? खरं सांगा हं! मी रडलोय. घरच्यांना दिसू नये म्हणून पुस्तक तोंडासमोर धरून रडलोय. पण त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आधी सांगतो.

माझं गाव मुरुम. उमरगा तालुक्यातलं. जिल्ह्याला आज धाराशिव म्हणतात, तेव्हा उस्मानाबाद म्हणत. मी सातवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, सगळे गाढ झोपलेले. चार वाजायच्या आत जमीन गदगदा हलली. फळीवरची भांडी खाली आली. आजीनं मला ओढतच अंगणात नेलं. आम्ही वाचलो. पण तिकडे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. आमच्याकडच्या घरांच्या भिंती जाड दगडमातीच्या आणि वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं झोपेतच त्याखाली गेली.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. पडलेल्या गावातला. मामाकडे राहायला आला होता. त्याची आई गेली होती. सगळा वर्ग त्याच्याकडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "बिच्चारा!" कुणी पेन्सिल दिली, कुणी वही. मलाही वाटलं, आपण काहीतरी मोठं द्यावं. एके दिवशी मी माझा जुना स्वेटर आणला आणि भर वर्गात, सगळ्यांचं लक्ष असताना, त्याच्यासमोर धरला. "घे. तुला नाही ना?"

तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत स्वेटर नीट घडी घालून माझ्या बाकावर ठेवलेला होता.

मला राग आला. चांगलं करायला गेलं तर हे असं! घरी येऊन आजीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू त्याची कीव केलास. कणव नाही."

दोन्हींत फरक काय, ते काही मला कळलं नाही. कळलं ते त्याच आठवड्यात, शाळेच्या पेटीतलं 'श्यामची आई' घरी आणल्यावर. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात श्याम आपल्या धाकट्या भावासाठी पैसे साठवून कोट शिवून घेतो. ते वाचताना माझा स्वेटर आठवला आणि कानशिलं गरम झाली. श्यामनं कोट दिला तो भावाला. मी स्वेटर दिला तो "बिच्चाऱ्या"ला!

पुढे त्या घराला कर्ज होतं, दारात येऊन माणसं अपमान करतात, आई खंगते आणि जाते. मी रडलो. पण गंमत बघा, एकदाही मनात आलं नाही की "बिच्चारी बाई!" ती गरीब होती, पण लहान नव्हती. मी तिच्याकडे वरून बघत नव्हतो, तिच्या चुलीपाशी बसलो होतो.

मोठा झाल्यावर वाचलं की या गोष्टीचा विचार फार जुन्या काळापासून झालाय. आपल्या भरतमुनींनी नाटकाच्या आठ रसांत करुण रस मोजला आणि त्याच्या मुळाशी शोक असतो असं सांगितलं. ग्रीस देशातल्या ॲरिस्टॉटलनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहिलं की शोकान्त नाटक बघताना मनात दोन भावना जाग्या होतात, करुणा आणि भीती. करुणा कशाची? त्या माणसावर जे ओढवलं तेवढी काही त्याची चूक नव्हती, याची. आणि भीती? तो आपल्यासारखाच आहे, म्हणजे हे आपल्यावरही येऊ शकतं, याची. कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातले अप्पा बेलवलकर आपलं सगळं मुलांना देऊन टाकतात आणि म्हातारपणी बेघर होतात. ते चुकतातही, चिडतातही. तरी बघणाऱ्याचे डोळे भरतात, कारण प्रत्येकाला घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस आठवतं.

मी नेमकी ती भीतीच विसरलो होतो. त्या पहाटे आमचंही घर हललं होतं. हादऱ्याचा जोर थोडा इकडे सरकला असता, तर त्या बाकावर मी असतो आणि स्वेटर धरून तो उभा असता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ गेलो. हातात काही नव्हतं. म्हटलं, "मला अपूर्णांक येत नाहीत. शिकवतोस का?" त्याला गणित झकास यायचं. तो संध्याकाळी घरी येऊ लागला. एकदा त्यानं ते पुस्तक बघितलं आणि मागून नेलं. चार दिवसांनी परत आणलं. म्हणाला, "शेवटी आई जाते, हे आधी का नाही सांगितलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तो पहिल्यांदा आपल्या आईबद्दल बोलला. ती भाकरी कशी थापायची, कशी रागवायची. मी "बिच्चारा" म्हणालो नाही. नुसता शेजारी बसून ऐकत राहिलो. आजीनं दोघांना गूळ-शेंगा दिल्या.

तेव्हा मित्रांनो, गोष्ट वाचून रडू आलं तर लाजू नका. फक्त पुस्तक मिटल्यावर स्वतःला विचारा, आपण त्या माणसाकडे वरून बघितलं की शेजारी बसून? आणि आई-बाबांनो, तुमचं मूल पुस्तक तोंडासमोर धरून रडताना दिसलं, तर हसू नका. ते एक अवघड गोष्ट शिकत असतं.