रक्कम अक्षरी

कागद हा फार सोशीक प्राणी आहे. त्याच्यावर वाटेल ते लिहा, तो हूं की चूं करीत नाही. बँकेतली पैसे काढायची स्लिपच घ्या. तिच्यावर 'रक्कम अक्षरी' असं स्वच्छ छापलेलं असतं. पण मूर्तिजापुरात पेरणीच्या दिवसांत त्या जागी 'बी-बियाण्यासाठी' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. हटकलं तर उत्तर आलं, "अक्षरातच तं लिवलं नं जी!" आता यावर काय बोलणार? अक्षरंच होती ती!

आमचा भाचा अमरावतीला कॉम्प्युटर शिकतो. त्याच्या पायथन नावाच्या भाषेतही अशा स्लिपा असतात. त्यांना म्हणतात फंक्शन. व्याज काढायचं फंक्शन असेल, तर मुद्दल आणि दर आपण भरून द्यायचे. भाषा १९९१ सालची. पण रकान्यापुढे काय छापायचं याचा रीतसर नियम झाला २०१५ साली, ३.५ या आवृत्तीत. मुद्दलापुढे दोन टिंबं देऊन 'इंट' लिहायचं, म्हणजे पूर्णांक. दरापुढे 'फ्लोट', म्हणजे दशांशाचा आकडा. नावापुढे 'स्ट्र', म्हणजे अक्षरं. खातेनंबरही 'स्ट्र'च, तो आकडा मानला, तर सुरुवातीची शून्यं गळून पडतात. या छापील सूचनांना म्हणतात टाइप हिंट.

"आणि कोणी भलतंच भरलं, तर पायथन स्लिप परत करते?"

"नाही मामा. सूचना असते नुसती. ती अडवत नाही."

अडवत तर नाहीच, उलट हौसेनं काम करते. अवतरणचिन्हांत घातलेले ५०० देऊन दुप्पट करायला सांगा. ती शेजारी शेजारी मांडून ५००५०० हातात ठेवते! पाचशेचे पाच लाख पाचशे! आमच्या शाखेत ही सोय असती, तर रांग अकोल्यापर्यंत गेली असती.

अडवायचंच असेल, तर काउंटरवर वेगळा कारकून बसवावा लागतो. त्याचं नाव मायपाय. प्रोग्राम चालवण्याआधी तो सगळ्या स्लिपा चाळतो आणि जिथे आकड्याच्या जागी अक्षरं दिसतील, तिथे बोट ठेवतो. हा गृहस्थ मला आपल्या जातकुळीतला वाटला.

"पण कारकून न बसवता नुसत्या सूचना लिहिल्या, तर त्याचा उपयोग काय?"

"सहा महिन्यांनी दुसरा कोणी ते वाचेल ना, मामा!"

हे मात्र मला लगेच पटलं. बँकेत माणसाची बदली होते. रजिस्टर तिथेच राहतं. नवा माणूस खुर्चीत बसतो, पान उघडतो, आणि रकान्याला नाव नसलं की आधीच्या माणसाचं नाव काढतो. ते कसं काढतो, हे इथे लिहिण्यासारखं नाही. दोन टिंबं आणि एक शब्द एवढ्यात ते टळत असेल, तर सौदा स्वस्त आहे.