वादळ नव्हतं, ढेकळं होती

माझ्या एका टिपणात कोकणातल्या एका खाडीच्या गाळात वादळ आहे. ते मीच तिथे घातलं.

चिखलात नळी ठोकून दीड मीटरचा गाभा काढला होता. त्याचा एकेक काप लेझर यंत्रातून गेला, की कोणत्या आकाराचे कण किती टक्के याचा आलेख मिळतो. त्याला एकच उंचवटा क्वचित असतो. नदीचा पोयटा आणि भरतीची वाळू एकाच थरात बसलेली असतात. मग संगणकावर तीन-चार घंटाकृती वक्र घ्यायचे आणि त्यांची बेरीज मोजलेल्या आलेखावर बसवायची. या खेळाची मला चटक लागली होती. ही नदी, ही भरती आणि चाळीस मायक्रॉनजवळचं ते टेंगूळ म्हणजे वादळ. जुळणी ०.९९९! एक वक्र वाढवला की जुळणी सुधारणारच, हे वर्गात मीच शिकवत होतो.

पुढे तेच काप पुन्हा मोजले. या खेपेला माझ्या विद्यार्थिनीने ते कण सुटे करणाऱ्या सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर ठेवले, वर अल्ट्रासाउंडही जास्त वेळ दिलं. "सर, तुमचं वादळ गेलं," ती म्हणाली. न सुटलेल्या चिकणमातीची ढेकळं होती ती. यंत्राच्या लेखी ढेकूळ आणि कण एकच.

मग गाळाचे अभ्यासक गेर्ट यान वेल्टये यांचा १९९७चा लेख काढला. त्यातली पद्धत वेगळी. एकेका नमुन्याशी झुंजण्याऐवजी सगळे नमुने एकत्र घ्यायचे. मूळ घटक सर्वांना तेच, बदलतं फक्त प्रमाण. याच वाटेने त्यांनी आणि मार्टन प्रिन्स यांनी अरबी समुद्राच्या तळच्या गाळात वाऱ्याची धूळ आणि नद्यांचा चिखल वेगळे केले. 'सगळ्यांना एकच साचा कसा चालेल?' म्हणून मी ही पद्धत वर्षानुवर्षं बाजूला ठेवली होती. ती शंका पुरती गेलेली नाही. वाहता वाहता गाळ निवडला जातो, घटक स्वतःच बदलतो. शिवाय ढेकळं बऱ्याच नमुन्यांत असती, तर या गणितानेही त्यांना घटक म्हणून मानानं बसवलं असतं.

तरी आता मी याच पद्धतीने जातो, पण आधी चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. नव्या तक्त्यात तीन घटक निघाले आहेत. नदी आणि भरती दिसतात. तिसऱ्यापुढे विद्यार्थिनीने नावासाठी जागा सोडली होती. तिथे मी नुसतं '३' लिहिलं.