अंधारात दिसतं, पण काय दिसतं?

आमच्या घरात झुरळ मारायचं असलं तरी आधी चर्चासत्र भरतं. अशा माणसांनी बंदुकीच्या दुर्बिणींवर लेख लिहिलाय म्हटल्यावर आमचे पुण्याचे नातेवाईक म्हणणारच, "टेक्ससला राहून बिघडली पोरं!" पण मंडळी, प्रसंगच तसा आला.

आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून ह्यूस्टनच्या पश्चिमेला, गाडीनं दीड तासावर, वीस एकर जमीन घेतली. हौस एवढीच की शनिवार-रविवारी मुलांनी मातीत हात घालावेत, वांगी-भेंडी लावावी आणि रात्री तंबू ठोकून चांदण्या मोजाव्यात. पहिल्याच वर्षी रानडुकरांनी सगळा मळा फुकटात नांगरून दिला! सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, पुढं १९३० च्या सुमारास शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली आणि दोन्हींची मिसळ झाली. आज एकट्या टेक्ससमध्ये त्यांची संख्या वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असली की त्यांच्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही आणि रात्रीही ती मारता येतात.

आमचा शेजारी सत्तरीतला रँचर, मोठा सज्जन माणूस. त्यानं विचारलं, "तुमच्या कुंपणाच्या आत येऊन डुकरं मारू का?" त्याच्या रायफलवर दिवसाची स्कोप होती, रात्रीसाठी त्याला क्लिप-ऑन घ्यायचा होता. "तुम्ही सगळे इंजिनिअर. कोणता घेऊ ते तुम्हीच सांगा." संमती द्यायची आम्ही, आणि तंबूत झोपायची आमची मुलं. तेव्हा नुसतं "कुठलाही चालेल" म्हणून भागणार नव्हतं.

क्लिप-ऑन म्हणजे दिवसाच्या स्कोपच्या पुढं, त्याच पट्टीवर बसवायचं उपकरण. ते अंधारातलं चित्र आपल्या छोट्या पडद्यावर उभं करतं आणि मागची स्कोप ते चित्र बघते. फायदा हा की स्कोपचा साधलेला नेम तसाच राहतो आणि सकाळी उपकरण काढून ठेवता येतं. अट एकच: त्याचं भिंग आणि पडदा अगदी एका रेषेत हवेत, नाहीतर नेम सरकतो. स्कोपचं मॅग्निफिकेशन भरमसाट वाढवलं की पडद्यावरचे ठिपकेच मोठे होतात, डुक्कर काही जास्त स्पष्ट होत नाही.

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिला इमेज इंटेन्सिफायर. चांदण्यांचा जो काही थोडा उजेड येतो तो ट्यूबमध्ये हजारो पटींनी वाढवून हिरवट किंवा पांढरट चित्र दाखवतो. यात गवत, कुंपणाची तार, माणसाचे कपडे असं सगळं दिसतं. पण ढगाळ रात्री दाट झाडाखाली चित्रात मुंग्या येतात. दुसरा थर्मल. याला उजेड लागतच नाही, तो अंगाची उष्णता बघतो. काळ्याकुट्ट रात्रीही गवतातलं जनावर दिव्यासारखं चमकतं. मात्र कुंपणाची तार हवेइतकीच थंड असली तर ती दिसत नाही, काचेपलीकडचं काही दिसत नाही आणि चेहरा म्हणजे नुसता पांढरा गोळा.

शेजाऱ्यानं दोन्ही नमुने काही दिवसांसाठी मागून आणले. आम्ही अट घातली की बंदूक कपाटात राहील. एक जुनी सुटी स्कोप आणि तिच्यापुढं क्लिप-ऑन असं पट्टीवर बसवून ती पट्टी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर चढवली. थर्मल लावल्याबरोबर दोनशे यार्डांवर, वाफ्यांच्या कडेला, एक पांढरा गोळा हलताना दिसला. "हॉग!" शेजारी कुजबुजला. चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस. आम्ही बघतोय तोच गोळा उंच झाला, दोन पायांवर उभा राहिला. रत्नागिरीहून आलेली आमची आई, वाकून मेथीला हात लावून बघत होती!

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. शेजाऱ्यानं टोपी काढून हातात धरली.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. मास्टर्सला घेतलेला इमेज प्रोसेसिंगचा कोर्स वीस वर्षांनी कामाला आला. अमेरिकन लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली मोजून ठेवलं आहे की 'काहीतरी आहे' एवढं कळायला वस्तूच्या लहान बाजूवर साधारण २ ठिपके पुरतात, माणूस की जनावर हे कळायला ८ लागतात आणि नेमकं काय ते ओळखायला १३. आणि तेही शंभरातल्या पन्नास वेळा! आमच्या थर्मलचा ठिपका १२ मायक्रॉनचा, भिंग ३५ मिलिमीटरचं. म्हणजे २०० यार्डांवर एक ठिपका सव्वासहा सेंटिमीटरचा. पाऊण मीटर उंचीचं डुक्कर किंवा वाकलेली आई, दोघांनाही १२ ठिपके. पन्नास टक्क्यांच्याही आत! याच हिशेबानं २ ठिपक्यांचं अंतर निघतं एक किलोमीटरच्या पुढं. जाहिरातीत ठळक छापलेली 'डिटेक्शन रेंज' ती हीच. काहीतरी दिसण्याचं ते अंतर, गोळी झाडण्याचं नव्हे.

म्हणून आमचा निकाल असा: शोधायला हातातला थर्मल, रायफलवर इंटेन्सिफायरचा क्लिप-ऑन. शंभर यार्डांच्या पुढं गोळी नाही, आणि ढगाळ रात्री चित्र स्पष्ट नसलं तर त्याच्या आतही नाही. मागं मातीचा उंचवटा हवाच, कारण रायफलची गोळी मैलाच्याही पुढं जाते. तंबू असतील त्या रात्री बंदूक अजिबात बाहेर काढायची नाही. आईनं एक कलम वाढवलं: "आम्ही माळ्यावर राखणीला बसायचो तेव्हा आधी हाळी द्यायचो. माणूस असला तर ओ देतो." शेजारी म्हणाला, "पण डुकरं पळून जातील!" आई म्हणाली, "मग जाऊ देत की. आपल्याला तेच हवंय ना?" याचं भाषांतर करताना आमची तारांबळ उडाली, पण म्हातारा पोट धरून हसला आणि हे कलमही त्यानं मान्य केलं.

आपल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. एच-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर काही अपवाद सोडता बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे; मित्राच्या रँचवर "जरा धरून बघ" म्हटलं तरी आधी वकिलाला विचारा. आणि ही उपकरणं निर्यातबंदीच्या कायद्यात येतात. गावच्या भावाला रानडुकरांसाठी म्हणून परवान्याशिवाय बॅगेत टाकून नेऊ नका. नाइट व्हिजनची नुसती तांत्रिक माहिती बेकायदा बाहेर पाठवल्याबद्दल २००७ साली आयटीटी या बड्या कंपनीला १० कोटी डॉलरचा दंड झाला होता.

यंदा मेथी बरी आली आहे. शेजाऱ्यानं आमच्या ओढ्याकाठी जाळीचा मोठा पिंजराही लावलाय, त्यात अख्खा कळप एकदम सापडतो. बंदुकीपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होतो, असं आता तोही म्हणतो.